श्रीस्थानक पाहावयाचे तरी कोठे?

सुटीचे दिवस आले म्हणजे ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील असंख्य कुटुंबे प्रवासास निघतात. कोणी जयपूरचे राजवाडे पाहण्यास जातो, कोणी म्हैसूरचा, कोणी हंपीच्या ओसाड राजधानीत उन्हातान्हात हिंडतो. तेथे मंडळी तिकीट काढतात, वाटाड्यास पैसे देतात, तो सांगेल ते कान देऊन ऐकतात, आणि घरी परत आल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांस त्या राजांची वंशावळ ऐकवितात. प्रवासाची ही हौस आम्हांस सर्वथा स्तुत्य वाटते. परंतु ज्या शहरातून ही मंडळी निघाली तेही एके काळी राजधानीचेच शहर होते. ते पाहावयाचे झाल्यास कोठे जावे, असा प्रश्न जयपूरच्या कोणा गृहस्थाने त्यांस उलट विचारला, तर पुष्कळांस तलावपाळीच्या पलीकडे बोट दाखविता येणार नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण पूर्वजांनी आमच्यासाठीच रचून ठेविली की काय, असे वाटावयास लावणारी ही स्थिती आहे.

ठाण्याचे प्राचीन नाव श्रीस्थानक. नवव्या शतकाच्या आरंभापासून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, म्हणजे सुमारे साडेचारशे वर्षे, उत्तर कोकणावर शिलाहार राजांचा अंमल होता. त्यांच्या लेखांत राजधानी म्हणून येणारी 'पुरी' नेमकी कोणती, ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि श्रीस्थानक हे त्यांच्या राज्याचे प्रमुख नगर व राजपीठ होते, ह्याविषयी फारसा वाद नाही. इ. स. १७८७ मध्ये ठाण्यास तटबंदीच्या कामासाठी पाया खणीत असता शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा, म्हणजे इ. स. १०१७ चा, ताम्रपट सापडला, आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने आपल्या संशोधनमालेच्या पहिल्याच खंडात त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले. या देशातील जुने लेख वाचण्याचा उद्योग जेव्हा नुकता कोठे रांगू लागला होता, तेव्हाच ठाण्याचे नाव जगभरच्या पंडितांच्या हाती पडले, असा याचा अर्थ आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो याने ठाण्याच्या राज्याचे व तेथील कातडी व कापडाच्या व्यापाराचे वर्णन केले आहे. जगाने ज्याची दखल घेतली, त्याची आम्हांस मात्र आठवण नाही!

कल्याणचे वय तर ह्याहूनही मोठे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेली 'पेरिप्लस' नावाची पुस्तिका प्रसिद्ध आहे. तीत कल्याण बंदराचा उल्लेख असून, त्या वेळच्या राजकीय कलहामुळे तेथील व्यापारास कसा अडथळा झाला होता, हेही नमूद केले आहे. शिवाजी महाराजांनी इ. स. १६५७ मध्ये कल्याण घेतले, आणि दुर्गाडीच्या आसऱ्याने खाडीत जहाजे बांधण्यास आरंभ केला. मराठ्यांच्या आरमाराचा पाळणा येथे हलला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आणि ह्या दोन नगरांपासून काही मैलांवर अंबरनाथचे शिवालय उभे आहे, ज्याची गणना महाराष्ट्रातील उत्कृष्ट प्राचीन मंदिरांत होते. इतकी सामग्री एका लोकल गाडीच्या मार्गावर हारीने मांडलेली असताना, ती पाहण्यास परगावचा मनुष्य का येत नाही, आणि गावचा मनुष्य का जात नाही?

ह्या प्रश्नास आमच्या नगरपित्यांजवळ एक ठरावीक उत्तर आहे: 'शहरात आकर्षणे कमी आहेत, ती वाढविली पाहिजेत.' आणि त्याप्रमाणे आकर्षणे वाढविण्याचा सपाटा चालू आहे. तलावाकाठी रंगीत दिवे लागतात, कारंजी उडतात, चौकाचौकात शहराच्या नावाची प्रकाशमान अक्षरे उभी राहतात व लोक त्यांपुढे छायाचित्रे काढून घेतात. उद्याने, मनोरे, मनोरंजनाची स्थळे यांच्या नवनव्या योजना जाहीर होतात. उद्यानांविषयी आमची तक्रार नाही. दाटीवाटीच्या शहरात मुलांना खेळण्यास व वृद्धांना बसण्यास जागा हवीच. परंतु कारंजे हे पैसा असेल तेथे उभारता येते. आज ठाण्यास आहे, उद्या पनवेलीस होईल, परवा आणखी कोठे. त्याकरिता कोणी परगावाहून गाडीभाडे खर्चून येत नाही. जे दुसऱ्या कोणासही उभारता येणार नाही असे आमच्याजवळ जे आहे, ते मात्र झाकलेले, मुके आणि बेवारशी पडले आहे. आमच्या शहरात दाखविण्यासारखे काही नाही ही खरी उणीव नव्हे. आहे ते दाखविण्याची व्यवस्था नाही, ही खरी उणीव होय. देखावा वाढत आहे, दर्शन घडत नाही.

हे केवळ अलंकारिक बोलणे वाटू नये म्हणून एका पाहुण्याबरोबर ठाणे शहरातून फिरून पाहू. तो आगगाडीतून उतरतो. इ. स. १८५३ च्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस बोरीबंदराहून सुटलेली चौदा डब्यांची व सुमारे चारशे पाहुण्यांची पहिली उतारूंची गाडी एकवीस मैलांचा प्रवास करून ह्याच गावी येऊन थांबली होती. तेथून तो मासुंदा तलावावर येतो. काठी कौपिनेश्वराचे देऊळ आहे. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी इ. स. १७६० च्या सुमारास ते नव्याने बांधविले. जवळच पोर्तुगीज काळापासूनची परंपरा सांगणारे ख्रिस्ती मंदिर आहे. टेंभी नाक्याकडे वळल्यास बेने इस्रायल समाजाचे इ. स. १८७९ मधील प्रार्थनालय लागते. ज्या समाजाची घरची भाषा मराठी, ज्याचे पुष्कळ लोक पुढे इस्रायल देशी गेले, त्याची ही खूण होय. हे सारे अर्ध्या दिवसात पायी पाहून होण्याजोगे आहे. पण ह्या वाटेने नेऊन एका स्थळाचा दुसऱ्याशी संबंध काय, हे पाहुण्यास सांगण्याची नित्याची सोय कोठे आहे? सांगणारा नसेल तर देऊळ म्हणजे दगड, तलाव म्हणजे पाणी आणि स्थानक म्हणजे गर्दी, एवढेच त्याच्या पदरी पडावयाचे.

आता किल्ल्याकडे वळू. पोर्तुगीजांनी ठाण्याचा किल्ला बांधावयास घेतला, इ. स. १७३७ मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला, इ. स. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो घेतला. पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांस इंग्रजांनी येथेच कैदेत ठेविले असता, इ. स. १८१६ मध्ये ते गोऱ्या पहाऱ्याच्या हातावर तुरी देऊन निसटले. पुढे इंग्रजांनी किल्ल्याचा तुरुंग केला. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे ह्या तीन तरुणांस इ. स. १९१० च्या एप्रिलात येथेच फाशी देण्यात आले. स्वराज्य येऊन पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली, तरी ह्या किल्ल्यात आजही मध्यवर्ती कारागृह आहे, आणि सामान्य नागरिकास आपल्या शहराचा किल्ला मोकळेपणी आत जाऊन पाहता येत नाही. कारागृह हलविणे हे मोठ्या खर्चाचे व विचाराचे काम आहे, हे आम्ही जाणतो. एका लेखाने ते होणार नाही. पण बाहेरच्या बाजूस, जाणाऱ्यायेणाऱ्याच्या नजरेस पडेल असा, किल्ल्याची सारी हकीकत सांगणारा मोठा व सुवाच्य फलक उभारण्यास कोणत्या कैद्याची अडचण आहे?

उपेक्षेपेक्षाही भयंकर अशी दुसरी एक गोष्ट आहे. तिचे नाव उच्चारण्यास पुष्कळ लोक कचरतात, म्हणून आम्ही ते मुद्दाम उच्चारतो. ती गोष्ट म्हणजे अविचारी जीर्णोद्धार. भक्तीच्या भरात जुन्या देवळांस तैलरंग फासणे, कोरीव खांब सिमेंटाने लिंपणे, फरसबंदी उखडून चकचकीत फरश्या बसविणे, जुन्या मूर्ती व वीरगळ शेंदराने इतके माखणे की त्यांवर काय कोरले आहे हे ब्रह्मदेवासही कळू नये, हे प्रकार आमच्या तालुक्यांत गावोगाव दिसतात. त्याने काय बिघडते असे विचारणाऱ्यांस आम्ही अंबरनाथचेच उदाहरण देतो. त्या देवळाच्या उत्तर बाजूच्या दारावर एक लेख आहे. आरंभी विद्वानांनी त्यातील वर्ष शके ७८२ असे वाचले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो आकडा शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा असल्याचे दाखविले. एका अंकाच्या वाचनाने तब्बल दोनशे वर्षांचा फरक पडला, आणि ह्या देवळाचा शिलाहार राजा मुम्मुणीशी संबंध जुळला. तो लेख कोणा भाविकाने रंगाने बुजविला असता तर? मंदिराचा कर्ता आज कोण ठरला असता? दगडावरील एक रेघ ही इतिहासाच्या खटल्यातील साक्षीदार असते. तिच्यावर रंग फासणारा मनुष्य कितीही भाविक असला तरी तो साक्षीदाराचे तोंड दाबतो.

आमचे पूर्वज ह्या बाबतीत आमच्याहून दक्ष होते. दान दिलेल्या जमिनीच्या कडेला ते शिळा रोवीत, आणि दान मोडणाऱ्यास गाढवाच्या चित्रासह अशी सणसणीत शिवी कोरीत की, वाचता न येणाऱ्यासही तिचा अर्थ कळावा. ह्या गद्धेगाळी उत्तर कोकणात ठिकठिकाणी आढळतात. आज आमच्याजवळ शिवीऐवजी कायदे आहेत. केंद्र सरकारचा इ. स. १९५८ चा कायदा आहे. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरांपर्यंत नवे बांधकाम करू नये व त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगीवाचून करू नये, असा निर्बंध इ. स. २०१० च्या दुरुस्तीने घातला आहे. महाराष्ट्र राज्याचाही इ. स. १९६० चा स्वतंत्र कायदा आहे. परंतु जी स्थळे संरक्षित म्हणून जाहीरच झालेली नाहीत, त्या शेकडो वीरगळांस, तळ्यांस, वाड्यांस व शिळांस या कायद्यांचे छत्र नाही. त्यांचे रक्षण केवळ लोकमतावर अवलंबून आहे. आणि लोकमत असे की, गद्धेगाळीवर लोक आता धुणी वाळत घालतात.

ह्या सर्व बोलण्यावर व्यवहारी मंडळींचे तीन आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा की, जेथे रस्त्यांत खड्डे आहेत व नळास पाणी वेळेवर येत नाही, तेथे जुन्या दगडांची चैन कशाला? ह्यास आमचे उत्तर असे की, आम्ही जे मागतो त्याचा खर्च एका कारंज्याच्या खर्चाहून अधिक होणार नाही. खड्ड्यांच्या पैशास आम्ही हात लावीत नाही, रोषणाईच्या पैशातून थोडे मागतो. दुसरा आक्षेप असा की, शेजारी मुंबई असता ठाणे-कल्याण पाहण्यास कोण येणार? परंतु आधी परक्यांची वाट पाहावयाची कशास? इ. स. २०११ च्या शिरगणतीत ठाणे शहरात अठरा लाखांवर व कल्याण-डोंबिवलीत बारा लाखांवर लोकवस्ती होती. ह्यांपैकी बहुतेकांची मुळे दुसऱ्या कोठल्या तरी गावी आहेत. नोकरीधंद्यासाठी ते येथे आले व येथलेच झाले. त्यांच्या मुलांस हे शहर म्हणजे निजण्याचे ठिकाण वाटते, आपले गाव वाटत नाही. ज्यास गाव आपले वाटत नाही, तो रस्त्यावर थुंकतो, तळ्यात निर्माल्य टाकतो आणि निवडणुकीच्या दिवशी घरी बसतो. म्हणून स्थलदर्शन ही आमच्या मते करमणूक नव्हे. ते नागरिकत्वाचे शिक्षण आहे, आणि त्याचे पहिले विद्यार्थी आम्ही स्वतः आहोत.

तिसरा आक्षेप असा की, हे सरकारचे काम आहे. सरकारचे आहेच, परंतु अहमदाबादेकडे पाहा. ते शहरही व्यापाऱ्यांचे, गिरण्यांचे व गर्दीचे. तेथील महानगरपालिकेने इ. स. १९९७ मध्ये जुन्या पोळांतून पायी फिरण्याचा एक मार्ग आखला. काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघावे आणि जामा मशिदीपाशी थांबावे, बरोबर माहीतगार वाटाड्या असावा, इतकीच ती साधी योजना होती. तिच्यात सातत्य राहिले, लोकांस आपल्या जुन्या घरांची किंमत कळू लागली, आणि वीस वर्षांनी, इ. स. २०१७ मध्ये, त्या शहरास जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. लोकांनी मनावर घेतल्यास काय होते ह्याचे घरचे उदाहरण हवे असेल तर डोंबिवलीचे घ्या. तेथील गणेश मंदिर संस्थानाने इ. स. १९९९ मध्ये गुढीपाडव्याची स्वागतयात्रा काढली. सरकारच्या हुकुमाची कोणी वाट पाहिली नाही, आणि ती प्रथा शहरोशहरी पसरली. वर्षातून एका दिवसाच्या मिरवणुकीसाठी जी शिस्त व जो उत्साह आम्ही दाखवितो, त्याचा दहावा हिस्सा दर रविवारी दोन तासांसाठी मिळाला तरी आमचे काम होईल.

ते काम कोणते, हे आता थोडक्यात सांगतो. पहिले, फलक. प्रत्येक स्थळी मराठीत स्वच्छ लिहिलेला फलक असावा. त्यावर नेत्यांची नावे व चित्रे नसावीत, स्थळाचे वर्ष व हकीकत असावी. आणि लेखावरून ठरलेली गोष्ट कोणती व केवळ ऐकीव दंतकथा कोणती, हे त्यावर निराळे दाखवावे. दुसरे, वाटाडे. महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांस शिकवून तयार करावे व त्यांस मोबदला द्यावा. ठाण्याचा मार्ग वर सांगितलाच आहे. कल्याणास स्थानकापासून इ. स. १८६४ पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय, सुभेदार वाडा, काळा तलाव म्हणून ओळखला जाणारा शेणाळे तलाव आणि शेवटी दुर्गाडी, असा मार्ग आखता येईल. दुर्गाडीजवळ इ. स. २०२३ मध्ये नौदलाची निवृत्त युद्धनौका आणण्यात आली, हे योग्यच झाले. पण ती येथेच का आणिली हे प्रत्येक मुलास तेथल्या तेथे समजले पाहिजे. तिसरे, संग्रह. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय इ. स. १८९३ पासून पुस्तके सांभाळीत आले आहे. अशा संस्थांच्या साह्याने ताम्रपटांची छायाचित्रे, शिलालेखांचे ठसे व जुने नकाशे एका दालनात मांडता येतील. चौथे, कोणत्याही जुन्या देवळाच्या, मशिदीच्या, प्रार्थनालयाच्या वा वाड्याच्या दुरुस्तीपूर्वी त्याची छायाचित्रे व मोजमापे घ्यावी आणि जाणत्याचा सल्ला घ्यावा, असा विश्वस्तांनी आपण होऊन नियम करावा. पाचवे, स्त्रियांसाठी स्वच्छ शौचकूप, पिण्याचे पाणी व बसण्यास सावली. ही सोय नसेल तर बाकीच्या चारही सुधारणा पुरुषांपुरत्याच राहतील. कारण घरातील बायका व लेकी ज्या ठिकाणी अर्धा तासही थांबू शकत नाहीत, ते ठिकाण कुटुंबाचे प्रेक्षणीय स्थळ होऊ शकत नाही.

एक सावधगिरीची सूचनाही करणे अवश्य आहे. शहराचा इतिहास दाखविताना त्यातील आपल्या सोयीचा तेवढाच भाग दाखविण्याचा मोह सर्व पक्षांस होतो. शिलाहारांचे शिवालय, कान्हेरीची बौद्ध लेणी, पोर्तुगीजांचा किल्ला, मराठ्यांचे आरमार, मुसलमान सरदाराची कबर, यहुद्यांचे प्रार्थनालय आणि इंग्रजांची आगगाडी ही सारी याच खाडीकाठी एकामागून एक आली. बंदराचे गाव हे असेच घडते. तेथे येणाऱ्या प्रत्येक गलबताबरोबर नवा मनुष्य व नवा देव येतो. त्यांपैकी कोणी जुलूम केला असेल तर तोही लपवू नये, आणि कोणी बांधले असेल तर त्याचे नावही पुसू नये. राजधानीचे शहर म्हणविणे हा मान ज्यास हवा, त्याने तिचा सारा हिशेब वहीत ठेवावयास पाहिजे. जमेची पाने ठेवून नावेची फाडून टाकणे ही सचोटीची पेढी नव्हे.

पेढीचा दृष्टांत आम्ही बुद्ध्याच योजिला, कारण ही विनंती विशेषतः आमच्या व्यापारी वाचकांस आहे. पाहुणा आला तर तो चहा घेतो, जेवतो, काही विकत घेतो. त्यात तुमचे हित आहे हे सांगावयास नको. पण त्याहून मोठी गोष्ट अशी आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी कल्याणच्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीच्या डोंगरात लेण्यांस व पाण्याच्या टाक्यांस देणग्या दिल्या आणि त्यांचे लेख दगडात कोरविले. त्यांची गलबते गेली, वखारी गेल्या, त्यांच्या वेळचे राजे गेले. त्यांचे दान मात्र आजही वाचता येते. तुम्ही आज उत्सवाच्या कमानीवर जे नाव झळकविता, ते दहा दिवसांनी उतरते. त्याच खर्चात एका शिळेस छप्पर, एका लेखास फलक आणि दोन विद्यार्थ्यांस वर्षभराचे वेतन देता येईल. महानगरपालिका जागी होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. प्रत्येक बाजारपेठेच्या मंडळाने आपल्या पेठेतील एक जुने स्थळ अंगावर घ्यावे, एवढेच आमचे मागणे आहे. आणि येत्या पावसाळ्यापूर्वी निदान एका पेठेने आरंभ केला, तरी श्रीस्थानक कोठे पाहावयाचे, ह्या प्रश्नास आम्हांस एका ठिकाणापुरते का होईना, खरे उत्तर देता येईल.